कमलच्या दारावरून

८ जाने., गुरुवार
मुंबईहून युनियन फेडरेशनच्या साठे सरांचा फोन. जेवणाच्या सुट्टीत सरकीच्या ढिगाआड उभं राहून घेतला, दुसऱ्या कानात बोट घालून. जीनमध्ये कापसातून सरकी काढणारे रेचे चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही, तर मुंबईचं काय येणार.

बातमी मोठी आहे. जर्मनीतल्या कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायांची युनियन रामदासचं, नोव्हेंबरात आमच्या जीनमध्ये गाठींच्या प्रेसच्या पट्ट्यात सापडून तो गेला त्याचं, प्रकरण हातात घेते आहे. आमच्या जीनची रुई सूतगिरणीत जाते, सुताचं कापड, कापडाचे शर्ट, आणि ते शर्ट जिच्या दुकानांत टांगले जातात त्या कंपनीची वार्षिक सभा १२ फेब्रु.ला. बाया दुकानांबाहेर उभ्या राहणार. एकजण आत उठून रामदासचं नाव घेणार आणि विचारणार, प्रेसच्या पट्ट्यावरची जाळी कोणी काढून ठेवली होती. "संपूर्ण सभेसमोर, सुनंदाताई!" सरांना आनंद झाला की ते 'संपूर्ण' म्हणतात.

अट दोन गोष्टींची. कमलने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वतःच्या तोंडून व्हिडिओवर संमती द्यायची. ती नसेल तर नाव घेता येत नाही. आणि त्या दिवशीच्या पाळीतल्या बायांच्या सह्या, की जाळी नव्हती आणि रामदास कामावरच होता. मालक म्हणतो कामावर नव्हताच, पिऊन आत शिरला. हजेरीत नाव नाही म्हणे. ठेकेदाराच्या माणसाचं नाव हजेरीत कधी असतं? ५ फेब्रु.पर्यंत सगळं पाठवायचं.

संध्याकाळी कमलकडे. ऐकून घेतलं, मग विचारते, "त्या बाया माह्या मानसाले वळखत होत्या काय?"
"नाही."
"मंग काऊन उभ्या राहातीन?"
वीस वर्षं युनियनचं करते आहे आणि एवढंही... म्हटलं, त्यांना वाटतं म्हणून.
"मंग मी बोलतो," म्हणाली. "त्या दिवशी अकरा वाजता डबा मीच देऊन आलती. कामावर नव्हते तं डबा कोनाले देल्ला?"

११ जाने., रविवार
बायांना गोळा कुठे करायचं, हा प्रश्न. युनियनची खोली सायकलच्या दुकानावर, समोर चहाची टपरी, टपरीवर मुकादमाचा मेहुणा दिवसभर बसलेला. मागच्या हंगामात जिना चढताना दिसल्या त्या पाचजणींना दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं.

भाकरी थापता थापता सुचलं. हळदीकुंकू! संक्रांत बुधवारी आहेच. हळदीकुंकवाला कोण पुरुष डोकावतो? मुकादमाची बायकोसुद्धा म्हणेल, जा बाई. वाण म्हणून तोंडाला बांधायचे रुमाल द्यायचे. रुईच्या धुळीला तेवढाच आडोसा, आणि घडीत सहीचा कागद.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मंग मी कुठी बसू?"
"मारुतीच्या पारावर."
"युनियनवाल्यायनं घरातल्या मानसालेच बाहेर काढलं बाप्पा!"
खूप दिवसांनी हसलो. माझी मीच पाठ थोपटून घेतली, लिहून ठेवते.

१५ जाने., गुरुवार
पाळी सुटल्यावर बोलावणी. कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर, नेहमीसारखं. दारात कुंकू लावायचं आणि सांगायचं, रविवारी चार वाजता येजो वं. बायांनीही डोळ्यांनीच ओळखलं. कोणी जास्त विचारलं नाही.

कमलच्या गल्लीत गेले. अलीकडच्या घरी दिलं, पलीकडच्या घरी दिलं. मध्ये तिचं दार उघडं होतं, ती चुलीपाशी पाठमोरी. करंडा कधी पदराखाली गेला, मला कळलंही नाही. सव्वादोन महिने झालेत फक्त. तिलाच वाईट वाटेल, बाकीच्या काय म्हणतील, तिचं बोलणं तर व्हिडिओवर वेगळं घ्यायचंच आहे. चालता चालता तिच्या वतीने सगळी कारणं मीच तयार केली.
तिच्याकडे नंतर जाईन.

१८ जाने., रविवार
एकतीस जणी! घरात मावेनात. सतरंजी अंगणात टाकली. आधी तिळगूळ, मग नावं घेणं, हसणं, एकीला नवऱ्याचं नाव घेताना ठसका. मग दार लोटलं आणि मी उभी राहिले. जर्मनीच्या बायांचं सांगितलं. एकीने विचारलं, त्याही दुकानात उभ्यानेच काम करतात का, दिवसभर? करतात म्हटलं. "मंग त्यायच्याई टाचा दुखत असतीन," म्हणाली. तिने पहिली सही केली. मग पटापट. पंचवीस सह्या, सहा आंगठे.

सगळं झाल्यावर चपला घालताना कोणीतरी, "कमल नाही आली?" सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, तिला बरं नाही.

कमल बरी आहे. सकाळीच हापशीवर पाणी भरताना दिसली होती.

२० जाने., मंगळवार
तिच्याकडे गेले. एक रुमाल, तिळगुळाची पुडी, मोबाइल पूर्ण चार्ज करून. ती दारातच उभी. 'या' म्हणाली नाही.
"वाण उरलं काय माह्यासाठी?"
मी काहीतरी बोलले. तुला त्रास नको म्हणून, असंच काही.
"ताई, सारं गोया केलं ते माह्या मानसासाठी. अन् मलेच बलावलं नाही? शेजारीन नटून माह्याच दारावून गेली. तिले इचारलं कुठी चालली तं म्हने, तुह्याच कामाले." मग हळू आवाजात, "सात समुद्रापल्याडच्या बाया माह्यासाठी उभ्या राहातीन म्हन्ता. अन् तुमच्या आंगनात मी बसू शकत नाही."

मोबाइल पिशवीतच राहिला. रुमाल तिने घेतला नाही.

मला चीड आली ती तिची नाही. भाषणात मी 'रूढी' हा शब्द किती वेळा वापरला असेल. मुकादमाला फसवायला रूढी घेतली आणि स्वतःच तिच्यात फसले. त्यातल्या त्यात वाईट हे की करंडा पदराखाली घालताना कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला.

२४ जाने., शनि.
गल्लीतून कळलं. शेठच्या, म्हणजे जीनच्या मालकाच्या बायकोने काल कमलला घरी बोलावलं. गाडी पाठवली होती. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली, नवं लुगडं दिलं. म्हणाली, आम्ही असलं काही मानत नाही.
आमच्या अंगणातली गोष्ट बंगल्यावर कोणी पोचवली, कोण जाणे. एकतीस तोंडं होती. शोधून उपयोग नाही.

मला आधी बरंच वाटलं, खरं सांगते. मग आठवलं, तिचा व्हिडिओ अजून घ्यायचाच आहे.

२५ जाने., रथसप्तमी
झालं. कमलने कागदावर सही केली. रामदास त्या दिवशी कामावर नव्हता, खाजगी कामासाठी आत गेला, कोणाविरुद्ध तक्रार नाही. पोरीच्या शाळेचं बघू असं शेठने म्हटलंय. मुनीम कागद घेऊन गेटवर उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता. मलाही दाखवला. "पाहा ताई, घरचीच सही हाये." सही तिचीच. सातवीपर्यंत शिकली आहे, अक्षर गोल आणि नीटनेटकं.

कागद त्याला परत दिला आणि घरी आले.

२८ जाने., बुध.
कालपासून बाया एकेक करून येतात. पाणी घ्यायच्या निमित्ताने, मागच्या दाराने. तिचीच सही तिकडं तं आमची कायले? ताई, माही काढून टाका. पोराचं काम बी त्याच जीनमंधी हाये. मी कोणालाच दोष देत नाही. नाव खोडायला पेन त्यांच्याच हातात दिलं. टाचांचं बोलली होती ती शेवटी आली. खोडलं आणि पेनाला टोपण लावून परत दिलं. जाताना म्हणाली, "त्या जर्मनीवालीले वाईट वाटन नं?"
अकरा नावं उरली. त्यातले तीन आंगठे.

१ फेब्रु., रविवार
साठे सरांनी एक फोटो पाठवला. तिकडच्या बाया, रस्त्याकडेला बर्फ, अंगात जाड कोट, हातात पाट्या. मधली मार्ता, त्यांच्या युनियनची सेक्रेटरी. वयाने माझ्याएवढी, उभी राहण्याची ढबही माझ्यासारखी, एका पायावर भार देऊन. तिच्या पाटीवर 'रामदास'. मराठीत! आपण पाठवलेल्या कागदावर पाहून काढलंय, चित्र काढावं तसं. सर म्हणाले, त्या रोज नाव म्हणायचा सराव करतात.

मग म्हणाले, "ताई, संमतीशिवाय ती पाटी त्यांना खाली ठेवावी लागेल. उलट कंपनी कमलच्या सहीचा तो कागद दाखवेल. काय झालं नेमकं? त्यांना कारण कळवायला हवं."
मी सगळं सांगितलं. करंड्यासकट. सर म्हणाले, "हे त्यांना कसं समजावणार?"
म्हटलं, नका समजावू. बाईवर दबाव आला असं लिहा.
तेही खोटं नाही. पण सुरुवात माझ्यापासून झाली, तेवढं गाळलं.

फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. हे म्हणाले, जेवून घे. जेवण गेलं नाही.

५ फेब्रु., गुरु.
मुदत संपली. अकरा नावांचा कागद पाठवला. सरांचं उत्तर: मिळाला, आभार. सभेत रामदासचं नाव येणार नाही. 'पुरवठा साखळीतील सुरक्षितता' असा एक सर्वसाधारण प्रश्न विचारतील.
सर्वसाधारण.

कमल घर बंद करून पोरीला घेऊन माहेरी गेली, धाड गावाला. शाळेचं बघणाऱ्यांनी अजून काही पाहिलेलं नाही.

८ फेब्रु., रविवार
धाडला जाऊन आले. नांदुरा ते मोताळा, मोताळा ते बुलडाणा, तिथून जीप. सगळ्या वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते, रोहिणखेडच्या फाट्यापर्यंत जुळलं, पुढे विसरले.

कमलचा भाऊ दारातच, "कामून आल्या?" वाकडं बोलला नाही, पण बसाही म्हणाला नाही. कमल मागे मेथी निवडत होती. कपाळ मोकळं. मी समोर बसले आणि मेथी निवडायला घेतली. थोड्या वेळाने म्हटलं, माझं चुकलं. कारणं सांगितली नाहीत.

ती म्हणाली, "कागद मले वाचून दाखवला होता. फसवलं नाही कोनी. काय लिवलं ते मले समजत होतं." जुडी बांधली. "शेठानीनं कुकू लावलं तवा बी समजत होतं, कायले लावून राह्यली ते. तरी मान पुढंच केली मी. अडीच मयन्यात कोनी माह्या कपायाले हात लावला नव्हता, ताई."

मी तिच्यासमोर रडले. तिने समजूत घातली नाही आणि थांबवलंही नाही.

निघताना मी विचारलं, सभेला अजून चार दिवस आहेत, बोलशील का? मुदत संपली तरी सरांना हातापाया पडून...
"एकदा सही करून देल्ली. आता ते खोटं म्हनू? मंग मी कोन झाली?"
करंडा पिशवीत होता, घरून निघताना ठेवला होता. बाहेर काढायचं धाडस झालं नाही. शेठाणीनंतर काढला तर तो माझाही सौदाच झाला असता.
मेथीची एक जुडी तिने पिशवीत टाकली.

११ फेब्रु., बुध.
कामावर. प्रेसच्या पट्ट्यावर जाळी बसवली आहे, आज. बाया एकमेकींना दाखवत होत्या. दुपारी पट्ट्यात रुई अडकली, फिटरने जाळी काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. सुट्टी होईपर्यंत तिथेच होती. हे कोणाला सांगायचं?

१२ फेब्रु., गुरुवार
सकाळी नऊला, अनोळखी नंबरवरून आवाजाची क्लिप. पट्ट्याचा आवाज कानात असल्याने आधी कळलं नाही, बाहेर येऊन पुन्हा लावली.
"मी कमल. माह्या मालकाचं नाव रामदास. त्या दिवशी ते कामावरच होते. अकरा वाजता डबा मी देल्ला. जाळी नव्हती, मी माह्या डोयानं पाह्यलं. कागदावर सही माहीच हाये, ते बी खरं हाये." मग नुसता श्वास. मग, "बस."

पाठवा असं कुठे म्हणालेली नाही. पाठवू नका असंही नाही.

साठे सरांना विचारलं. म्हणाले, कायद्याने याला फार अर्थ नाही, दोन परस्परविरोधी विधानं झाली, मालक तिच्यावर उलटेल. पण पाठवलं तर मार्ता अजूनही नाव घेईल, तिने पाटी फेकलेली नाही. आपल्या अडीचला तिकडे सभा सुरू होते, त्याच्या आत कळवा. "निर्णय तुमचा, ताई."

माझा कसा?

त्या नंबरवर सात वेळा फोन लावला. बंद. भावाचा आहे बहुतेक, तो शेतात असेल. शेजाऱ्यांचा नंबर मिळवला, त्यांनी पोराला पाठवतो म्हटलं, अजून निरोप नाही. कदाचित तिला पाठवायचंच असेल, म्हणून तर आजच पाठवलं. कदाचित फक्त मला ऐकवायचं असेल. दोन्ही बाजूंनी मला सगळं पटतं आणि त्याचीच भीती वाटते. त्या दिवशी गल्लीतही मला सगळं असंच पटलं होतं.

आत्ता दोन वाजून दहा. अर्धी पाळी बुडवून भिंतीला टेकून बसले आहे. पाठवायचं बटण समोर आहे.
तिला न विचारता तिच्यासाठी माझं एकदा ठरवून झालं आहे.
परत फोन लावून बघते.