पडताळणीचा तास

८ जानेवारी, बुधवार
आजपासून रोजनिशी. हाती घेतलेल्या कामाची नोंद कुठेतरी राहायला हवी. शाळेच्या ग्रंथालयात एकवीस वर्षं मी पुस्तकं दिली आणि घेतली. यापुढे मुलांना माहिती पारखायला शिकवणार. मुख्याध्यापिकाबाईंनी सातवीचा बुधवारचा शेवटचा तास दिला. म्हणाल्या, तसाही तो रिकामाच जात होता. मी याचा अर्थ विश्वास असा घेतला.
फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोण सांगतंय? कशावरून? सांगून त्याचा काय फायदा? आणि काय सांगायचं राहिलंय? चौथा प्रश्न लिहिताना घंटा झाली. वर्ग इतक्या वेगाने बाहेर पडला की वर्तमानपत्रांचं स्टँड आडवं झालं. उत्साह दांडगा आहे.

९ जानेवारी, गुरुवार
संकल्प : जे वर्गात तेच घरात. घरात मी एकटाच. बायकोला जाऊन पाच वर्षं होतील. त्यामुळे घर म्हणजे ‘आपली माणसं’ हा फॅमिली ग्रुप. बावीस जण.
सकाळी भावोजींनी टाकलं की मोबाइल उशाशी ठेवला तर केस पांढरे होतात. मी पुरावा मागितला. सोबत तीन लिंक दिल्या. भावोजींनी अंगठा पाठवला. वर की खाली, ते चष्मा शोधेपर्यंत त्यांनी तो काढूनही टाकला.

१३ जानेवारी, सोमवार
ग्रुपवर काम वाढलंय. भाचीने हरवलेल्या बाळाचा फोटो टाकला, शेअर करा म्हणून. शोधलं. बाळ सहा वर्षांपूर्वीच सापडलंय, आता शाळेत जात असणार. तसं लिहिलं. धाकट्या भावाच्या बायकोने दोन चंद्र उगवलेल्या आकाशाचा फोटो टाकला. ते चित्र आहे, हेही लिहिलं. तिने उत्तर दिलं, माहितीये, छान दिसलं म्हणून टाकलं. छान दिसणं हाच तर धोका. हे चार परिच्छेदांत समजावलं.
ताईने लिहिलं, अरे, जाऊ दे ना. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझं सगळं तिनेच केलं. तिलाही चार प्रश्न पाठवले. मायेपोटी सूट दिली तर चळवळ संपलीच.

१५ जानेवारी, बुधवार
प्रयोग. ग्रंथालयाच्या बोर्डावर मुद्दाम एक खोटी सूचना लावली : ‘एका पायावर उभं राहून वाचल्याने स्मरणशक्ती तीसपट वाढते. — आंतरराष्ट्रीय वाचन संशोधन मंडळ.’ असं कुठलंही मंडळ नाही. मुलं येऊन ‘कशावरून?’ विचारतील, मग मी गुपित फोडीन. दिवसभर काउंटरवर बसून वाट पाहिली. एकाने विचारलं. स्टेपलर आहे का, म्हणून.

२० जानेवारी, सोमवार
प्रयोगाला अनपेक्षित वळण. पीटीच्या सरांनी सूचना वाचली. सकाळपासून मैदानावर अख्खी आठवी एका पायावर उभी राहून इतिहास पाठ करतेय. दोघे पडले, एकाचं कोपर खरचटलं.
सरांना बाजूला घेऊन सांगितलं की ती सूचना खोटी आहे. ते म्हणाले, तुम्हाला कसं माहीत? म्हटलं, मीच लिहिली. यावर ते म्हणाले, पण फरक पडतोय हो, पोरं शांत झालीत.

२२ जानेवारी, बुधवार
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. त्या रागावल्या, असं म्हणता येणार नाही. एवढंच म्हणाल्या की सूचना काढा आणि यापुढे बोर्डावर काहीही लावण्याआधी मला दाखवा. म्हणजे आता त्याही पडताळणी करू लागल्या. संस्थेच्या वरच्या पातळीवर विचार पोचला.

३० जानेवारी, गुरुवार
यशाची नोंद. ‘आपली माणसं’वर गेले अकरा दिवस एकही खोटा मेसेज नाही. खरं तर एकही मेसेज नाही. पूर्वी सकाळी डोळे उघडायच्या आत तीस-चाळीस पडलेले असायचे. फुलं, सुविचार, कोणाच्या तरी पोराचा पहिला दात. आता पाठवण्याआधी प्रत्येक जण थांबून विचार करतो, हे उघड आहे. तीन आठवड्यांत एकवीस माणसं बदलली.
सकाळी चहा घेताना फोन दोन-तीनदा उघडून पाहिला. सवय.

५ फेब्रुवारी, बुधवार
वर्गात हे उदाहरण दिलं. नावं न सांगता. एका कुटुंबाचा ग्रुप, त्यात एक जाणकार गृहस्थ, ते सगळ्यांच्या चुका दाखवतात, हळूहळू ग्रुप शांत होतो. काय सिद्ध झालं?
पहिल्या बाकावर एक जाड भिंगाच्या चष्म्याची मुलगी बसते. एरवी बोलत नाही. तिने हात वर केला. विचारलं, सर, हे कोण सांगतंय, ते गृहस्थच ना? म्हटलं, हो. मग तिने वहीत बघून चौथा प्रश्न वाचला, काय सांगायचं राहिलंय. आणि म्हणाली, सर, बाकीच्यांनी दुसरा ग्रुप केला असेल.
वर्ग हसला. मीही हसलो. सांगितलं की तर्क चांगला आहे, पण पुरावा नाही. ती म्हणाली, आमच्या आत्याच्या बाबतीत आम्ही तसंच केलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
पुराव्यासाठी ग्रुपवर लिहिलं, सगळे ठीक ना? दुपारपर्यंत एकोणीस जणांनी वाचलं. रात्री धाकट्याचं उत्तर आलं, हो.
एकाच अक्षरात. अनावश्यक शब्द नाहीत. मुलीचा तर्क निराधार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
भाचीचा फोन. ग्रंथालयात होतो, बाहेर जिन्यात येऊन घेतला. म्हणाली, मामा, आईला घरी आणलं, तू दवाखान्यात का आला नाहीस, असं रोज विचारायची.
विचारलं, काय झालं होतं? ताईच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. सोमवारी ऑपरेशन झालं. भाची म्हणाली, मी रोज टाकत होते की ग्रुपवर. मग थांबली. जिन्यात शिपाई पायऱ्या पुसत होता, त्याच्या फडक्याचा आवाज येत राहिला. हळूच म्हणाली, तुला कोणीच फोन केला नाही?
म्हटलं, अगं, पाहिले मेसेज, शाळेत कामं होती. तिनेही, हो का, म्हटलं.
आमच्यापैकी कोणीच पुढचा प्रश्न विचारला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
ताईकडे गेलो. रिक्षात तिच्या डॉक्टरांची पदवी तपासली. खरी आहे.
ताई पलंगावर पालथी. पडदा जागी बसावा म्हणून डोळ्यात गॅस भरलाय, दहा दिवस मान खालीच ठेवायची. फरशीकडे बघत बोलते. पावलांवरून मला ओळखलं. म्हणाली, आलास? मोजे बदल रे, अंगठा बाहेर आलाय.
भावोजी औषधं आणायला गेले. ताई म्हणाली, डोळा अंधूक झाल्यापासून फोन पाहिला नाही, मेसेज साचलेत, वाचून दाखव. तिने उशीखालून फोन काढून दिला. विसरली असावी. किंवा नसावी.
ग्रुपचं नाव ‘गप्पाटप्पा’. एकवीस जण. कुठून सुरू करायचं ते शोधताना बोट पार वर, पहिल्या दिवसापर्यंत गेलं. एकोणीस जानेवारी. ग्रुप ताईनेच केला होता. खाली तिचाच मेसेज : ‘इथे मोकळं बोला रे. तो आपलाच आहे, पण त्याच्यापुढे दमायला होतं.’
ताई म्हणाली, थांबलास का?
म्हटलं, नेट अडकलंय.
मग खाली येऊन वाचायला लागलो. भाच्याची बदली. धाकट्याच्या घरी गळणारा नळ. बाळाचा दुसरा दात. त्यानंतर भावोजींचा मेसेज, रोज तळपायांना कोमट तेल चोळलं तर गेलेली नजर परत येते, शंभर टक्के खात्रीशीर. खाली चौदा अंगठे, सगळे वर.
ताईने फरशीकडे बघतच विचारलं, खरं असेल का रे?
म्हटलं, असेल.
ताई म्हणाली, तू बरा आहेस ना?
हो म्हटलं आणि पुढचा मेसेज वाचला.