काळी दोन

मंगळवार, ४ फेब्रुवारी

"तुझ्या उजव्या हाताची पाचही बोटं रोज हजेरी लावतात. एखाद्याला कधी रजा देशील की नाही?" — रुप्रेख्त, आज तालमीत, सगळ्यांसमोर. आन्सेल्म हसला. सिबिले हसल्या नाहीत, पण "बरोबर आहे" अशी मान हलली.

बरोबरच आहे. मला ठाऊक आहे मी हार्पसिकॉर्ड फार भरून वाजवते. खर्जाच्या ओळीखाली नुसते आकडे असतात, वरचं सगळं वाजवणाऱ्याने स्वतः भरायचं. मी भरते — एखादा स्वर राहिला तर कुणी म्हणेल, हिला येतच नाही. म्हणून बाकीचे तिघं असताना मी चौघांचं वाजवते.

त्यांना पातळ हवंय. हवा हवी आहे. सिबिले म्हणतात, "आम्हाला श्वास घ्यायला जागा ठेव, रिके."

मार्चच्या पहिल्या शनिवारी आर्नश्टाटला कार्यक्रम. तोवर मी या संचात तात्पुरती. त्यानंतर ते ठरवणार — मी, की लाइपझिगची ती मुलगी, जिच्याकडे पदवी आहे, बक्षीस आहे आणि (आन्सेल्मने सांगितलं) फार सुंदर मान आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज चार बोटं. रुप्रेख्त: "अरे वा, एकजण आजारी पडला वाटतं."

रविवार, ९ फेब्रुवारी

घरी गेले होते. प्रार्थनेला बाबा ऑर्गनवर, मी त्यांच्या शेजारी पानं उलटायला, सहाव्या वर्षापासून बसते तशीच. पायांत लोकरीचे मोजे दोन-दोन. चर्चमध्ये बर्फासारखा गारठा.

आमच्या घरात आकडे मी अक्षरांआधी शिकले. बाबा बटाट्याचे क्लोसे वळता वळता विचारायचे, "खाली ‘ला’ स्वर, आकडा सहा, वर काय?" मी उत्तर दिलं की क्लोसा पाण्यात. चुकले की तो ताटलीतच थांबायचा. आजोबांनी बाबांना असंच शिकवलं, आणि आजोबांना त्यांच्या आत्याने. गावातल्या चर्चचं संगीत सांभाळणारा कॅंटर आमच्याच घरातला, किती पिढ्या ते कुणी मोजत नाही.

जेवताना सांगितलं की मी जास्त भरते म्हणतात. बाबांनी ग्रेव्ही वाढली. मग म्हणाले, "गावात चारशे माणसं बेसूर गातात, तेव्हा भरावंच लागतं. तिथे कोण बेसूर गातंय?"

कुणीच नाही, बाबा. तीच तर भीती आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज तालमीच्या आधी एक तास एकटी. खोली थंड. हार्पसिकॉर्डचं झाकण उघडलं, किल्ली हातात घेतली — दिवसातली माझी सगळ्यात आवडती वेळ ही.

आमच्यात रीत अशी की वाद्य जुळवायचं ते हार्पसिकॉर्डवाल्यानेच. किल्लीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि मी जुळवलं की बाकीचे तिघं माझ्याकडून सूर घेतात. सिबिले, ज्यांनी पस्तीस वर्षं या संचाला सांभाळलं, त्या व्हायोलिन हनुवटीखाली धरून माझ्याकडे बघत थांबतात. दुसरं व्हायोलिन घेऊन आन्सेल्मही. रुप्रेख्तसुद्धा. गुडघ्यांत चेलोसारखा गांबा धरून, डोळे मिटून, सहाच्या सहा आतड्याच्या तारा माझ्या एका कळेपाशी आणून ठेवतात. तेवढा वेळ ते काही टोचून बोलत नाहीत.

त्या क्षणी मला जे वाटतं ते कुणाला सांगता येणार नाही. इथे लिहिते: मला अभिमान वाटतो. खूप.

कार्यक्रमात एक अडचण आहे. जुळवणी आम्ही जुनी वापरतो, तिच्यात काही गोड जागा फारच गोड लागतात, पण काळी दोन ही कळ दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही. पहिल्या भागातल्या सोनाटाला ती उतरलेली हवी, दुसऱ्या भागातल्या सोनाटाला चढलेली. एकाला खूश केलं की दुसऱ्यात ती लांडग्यासारखी विव्हळते. काळी चारचंही तसंच. म्हणून मध्यंतरात दोन्ही चढवायच्या, प्रत्येक सप्तकातल्या. सोपं काम आहे. मी तीनदा करून बघितलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चौथ्यांदाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तालमीनंतर सिबिलेंनी थांबवून घेतलं. "तुझी जुळवणी मला आजवर मिळालेली सगळ्यात चांगली आहे. माझं व्हायोलिन तुझ्यावर टेकतं." मग कोट घालत, "पण वाजवताना तू आमच्यावर टेकत नाहीस. असं का?"

म्हटलं, "प्रयत्न करते."

"हां, तेच नको," त्या म्हणाल्या.

दाराशी रुप्रेख्त पाइप पेटवत उभे होते. "कॅंटरच्या लेकी, तुझ्या बापाच्या चर्चमध्ये खांब किती?" म्हटलं, आठ. "मग छताला हात लावून उभं राहायचं तुला काय कारण?"

घरी येईपर्यंत दहा उत्तरं सुचली. नेहमीसारखी.

रविवार, २ मार्च

काल कार्यक्रम झाला. सगळं क्रमाने लिहायचं ठरवलंय, नाहीतर मी स्वतःला फसवीन.

चर्च पूर्ण भरलं होतं. पहिला भाग चांगला झाला. मध्यंतरात मी किल्ली घेऊन बसले. काळी चार चढवली, सगळ्या सप्तकांतली. मग सहज वरची पांढरी तपासली — माणसांच्या उबेने उतरलेली. ती ठीक केली. मग तिच्या शेजारची. मग वाटलं खालचीही बघावी. ज्यांना काही झालं नव्हतं त्या कळासुद्धा मी पुन्हा पुन्हा तपासत बसले. घंटा झाली. सिबिले सूर घ्यायला आल्या. मी सूर दिला.

दुसऱ्या सोनाटाची पहिलीच कॉर्ड वाजवली आणि माझ्या बोटाखाली लांडगा विव्हळला.

काळी दोन राहिली होती.

आणि ही सोनाटा काळी दोनवरच उभी! तिच्यातला प्रत्येक दुसरा स्वर तोच. तिचे चार भाग. थांबता येत नाही, किल्ली उचलता येत नाही. डाव्या हाताचं एकवेळ ठीक, ती ओळ गांबाही वाजवतो, मी तेवढा स्वर सोडला तरी चालतं. पण उजवा हात? प्रत्येक कॉर्डमध्ये नेमकं काळीज असतं तिथे ती कळ.

मी ती गाळली. बस. जिथे आली तिथे बोट वर धरलं आणि बाकीचे दोन स्वर वाजवले, कधी एकच. कधी नुसता खर्ज. पुढच्या ओळीतले आकडे वाचायचे, त्यात काळी दोन कुठे दडलीय ते हेरायचं, तिच्या बाजूने निघून जायचं. बाबा क्लोसे वळताना विचारायचे त्याहून दुप्पट वेगात. माझ्या कानांना माझ्या स्वतःच्या कळांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. शेवटचा भाग तर पळत होता. एकदाही तिला बोट लागलं नाही. एकदाही!

टाळ्या. सिबिलेंनी माझा हात धरून मला पुढे ओढलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मध्यंतरानंतर तू शेवटी हवा सोडलीस. हेच. हेच मागत होते मी." आन्सेल्म म्हणाला, "कुठे होतीस इतके दिवस?"

रुप्रेख्त गांबा पुसत होते.

मी किती अभिमानाने चालत स्टेशनवर गेले! असं वाजवायला आमच्या घरातलीच पोर लागते. पदवीवाल्या त्या मुलीने पहिल्या ओळीत हात टेकले असते. हेही लिहून ठेवते, लाजिरवाणं असलं तरी.

आज सकाळी उठले तेव्हा मात्र लख्ख कळलं. त्यांनी जे ऐकलं ते माझं वाजवणं नव्हतंच. ती माझी चूक होती. आणि मंगळवारी ते त्यावरून ठरवणार.

सोमवार, ३ मार्च

बाबांना फोन. सगळं सांगितलं. मग पलीकडून हसण्याचा आवाज — बाबा फोनवर सहसा हसत नाहीत.

"चारही भाग?"

"हो."

"पळता भागसुद्धा?"

"हो."

"आजोबा असते तर त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं असतं." मग आवाज बदलला. "त्यांना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर जागा जाईल, बाबा."

"जाईल कदाचित," ते म्हणाले. "पण मग रोज त्यांना सूर देताना तुझा हात कळेला कसा लागेल?"

आणि आई मागून ओरडली की हवा बदलतेय, टोपी घालत जा.

मंगळवार, ४ मार्च

गेले. टेबलावर श्ट्रॉयसेलचा, लोणी-साखरेच्या चुऱ्याचा केक होता, तेव्हाच समजायला हवं होतं. मी कोट काढायच्या आत सिबिले म्हणाल्या, "बस. तू आमची. लाइपझिगला कळवलंय."

म्हटलं, आधी मला बोलू द्या. उभ्यानेच सांगितलं. काळी दोन चढवायची राहिली, मी ती पूर्ण सोनाटाभर गाळली, तुम्हाला जी हवा आवडली ती हवा नव्हती, ते भोक होतं. तुम्ही पुन्हा विचार करा.

कुणी दचकलं नाही. आन्सेल्म केककडे बघत होता. सिबिलेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुढच्या वेळी मध्यंतरात बरी असलेली तार सोडून दे," त्या म्हणाल्या. "आणखी काही?"

"तुम्हाला... चालेल?"

"कॉफी निवतेय, कॅंटरच्या लेकी," रुप्रेख्त म्हणाले. "कबुलीजबाब द्यायला तुझ्या बापाकडे चर्च आहे. इथे केक आहे."

मी बसले. केक खाल्ला. मी आता या संचाची हार्पसिकॉर्डवाली आहे. हे वाक्य पुन्हा लिहावंसं वाटतंय, पण एकदाच लिहिते.

गुरुवार, ६ मार्च

आनंद झालाय, तरी खुपतंय. त्यांनी इतकं सहज कसं घेतलं? दया आली असेल का? की ऐकूच आलं नव्हतं? ज्यांच्या कानांवर मी विश्वास ठेवते त्यांना इतका मोठा स्वर गायब झालेला कळू नये, हेही मला बरं वाटत नाही.

तालमीत आज तीन बोटं. मुद्दाम, कुठलीही चूक नसताना. छान लागलं.

बुधवार, १२ मार्च

आन्सेल्मने कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पाठवलं. दुसरी सोनाटा. डोळे मिटून भोकं शोधायला बसले.

एकही नाही.

पहिली विव्हळणारी कॉर्ड सोडली तर जिथे जिथे मी बोट उचललं, तिथे तो स्वर आहे. चढलेला, अगदी खरा, मऊ. हार्पसिकॉर्डचा नाही — गांबाचा. रुप्रेख्त खर्जाची ओळ धरून वरच्या तारेवर तोही धरतात, प्रत्येक वेळी. पळत्या भागातसुद्धा. आणि एके ठिकाणी त्यांना गाठता येत नाही, तिथे आन्सेल्म आपल्या व्हायोलिनवर खालच्या सुरात उतरून तो देऊन जातो.

मी एकदाही टेकले नव्हते, असं मला वाटत होतं.