घंगाळातलं शेवटचं रोप

७ नोव्हेंबर १९३८
म्युनिसिपल कमिटीची मीटिंग. तळ्यातली जलपर्णी काढायला यंदाही पैसा नाही! अध्यक्ष महादेवराव म्हणाले, "गवतासाठी खर्चा? ढोरं खातीन न!" ढोरं तोंड लावत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार. मी कारकून. मी लिहितो.

शालिकराम माळी दारातच उभा होता. तळ्याकाठी त्याची वांगी-मेथीची वाडी. म्हणाला, "मोटीत पान्याच्या जागी ही जांभळी बलाच येऊन राह्यली, बाबूजी. वाडी जळून चालली." कोणी वर पाहिलं नाही.

ठरावात लिहिलं — 'सदर वनस्पती कोठून आली हे कळून येत नाही.' मला चांगलं कळून येतं.

८ नोव्हेंबर
दिवसभरात तोंडातून एकच शब्द निघाला — दूधवाल्याला, "पावशेर."

११ नोव्हेंबर
लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय!

ते रोप रुख्मिणीनं आणलं. अकोल्याहून, बहिणीकडून, तांब्यात घालून, रेल्वेत मांडीवर धरून. अंगणातल्या पितळी घंगाळात सोडलं. मूलबाळ नव्हतं आम्हाला. ती त्या रोपाशीच बोलायची. रोज एक जांभळं फूल देवीला.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. दहावा झाला, पाहुणे पांगले. घंगाळ फुलांनी भरलेलं. मला ते बघवेना. पण देवाला वाहायचं झाड उकिरड्यावर कसं टाकायचं? देवाचं पाण्यात जातं — एवढंच डोक्यात. पहाटे घंगाळ उचललं नि तळ्यात रितं केलं. एक रोप मात्र काढून ठेवलं.

पहिल्या पावसाळ्यात तळ्याच्या कडेला जांभळी फुलं दिसली. मी खूश! रोज बघायला जायचो, गाढवासारखा. पुढच्या पावसाळ्यात पाणीच दिसेना.

२१ नोव्हेंबर
तळं साफ करायला सरकारी ग्रँट मिळावी म्हणून अर्ज लिहिला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा जमला. बावीस वर्षांच्या नोकरीत असा अर्ज लिहिला नव्हता. महादेवराव वाचून हसले, "बाबू, तुमी त असं लिवलं, जसं तुमचंच घर बुडून राह्यलं!" पण सही केली. अर्ज अमरावतीला गेला.

१४ जानेवारी १९३९
ग्रँट मंजूर! अर्धी आता, अर्धी काम झाल्यावर. अट अशी — तळ्यात, विहिरीत वा कोणाच्या घरी एकही रोप उरलं नाही, असा दाखला कमिटीच्या कारकुनानं द्यायचा. म्हणजे मी.

संक्रांत. घरी कोणी आलं नाही, यायचं कारणही नाही. वाटेत शालिकरामच्या आई, मनकर्णाबाई, फुलांची टोपली घेऊन भेटल्या. त्यांनीच हातावर तिळगूळ ठेवला. "तुमी त वाळून चालले, बाबूजी," म्हणाल्या. तिळगूळ मुठीत धरला. तसाच पुढे निघालो.

२ फेब्रुवारी
काम सुरू. चाळीस माणसं — बांबू, दोर, बैल. शालिकराम कमरेएवढ्या पाण्यात. काठावर ढीग, अन् वास असा की जेवण जाईना. संध्याकाळी मधोमध ताटाएवढं स्वच्छ पाणी दिसलं तर सगळे ओरडले. मीही ओरडलो. किती दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकला!

मजुरांना सध्या निम्मेच पैसे मिळणार. बाकीचे माझ्या दाखल्यावर.

१६ फेब्रुवारी
तळं मोकळं झालं. दाखला टेबलावर, सही बाकी. अंगणात घंगाळावर पोतं झाकलंय. खाली आज फूल उमललं.

कोणाला कळणार? या घराचं दार माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. एकटं राहण्याचा एवढा तरी फायदा व्हावा!

दोन वर्षांपूर्वीही असंच म्हणालो होतो — कोण बघतंय.

१७ फेब्रुवारी
सही केली नाही. महादेवराव म्हणाले, "काहून अडवून राह्यले, बाबू? लोकं मजुरी मांगून राह्यले." तब्येतीचं कारण सांगितलं.

शालिकरामनं काही मागितलं नाही. आपल्या वाडीतली दोन वांगी टेबलावर ठेवून गेला. यंदाची पहिली.

१८ फेब्रुवारी
रोप उपटलं. मुळं लांब, काळी, न्हालेल्या केसांसारखी. फूल तेवढं देवीला वाहिलं. बाकीचं छपरावर वाळत घातलं. घंगाळ घासलं, पालथं ठेवलं. मग अंगणात बसून रडलो. तेराव्यालाही इतका रडलो नव्हतो.

२२ फेब्रुवारी
वाळलं. चुलीत घातलं. तेवढ्या जाळावर चहाही उकळला नाही. फूल सुकलं होतं, तेही देवीसमोरून उचलून चुलीतच दिलं. ऑफिसात जाऊन दाखल्यावर सही केली. आता घरात तिचं असं काही हलतं-वाढतं उरलं नाही.

उद्या शालिकरामला सगळं सांगणार. मारलं तर मारो.

२३ फेब्रुवारी
सांगितलं. त्यानं मोट थांबवली नाही. "आमाले ठाऊक हाये, बाबूजी. त्या दिवशी पहाटी आमी मोटीवरच होतो. तुमी घंगाळ रितं करून रडून राह्यले होते. म्हून आवाज नाही देल्ला." मग कोणीच कसं बोललं नाही, मी विचारलं. "मायनं सांगतलं सार्‍यायले — त्या मानसाले कोनी काही म्हनू नका."

मनकर्णाबाई पलीकडे वांगी तोडत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "भाकर खाता का?"

हो म्हणालो.