कार्डावर नसलेली मुलगी

हिल्डेसहाइम, १४ मार्च

प्रिय एकेहार्ड,

तुझ्या स्वांत्येच्या लग्नाची पत्रिका येऊन नऊ दिवस झाले आणि मी अजून ‘येतो’ म्हणून कळवलेलं नाही. तिचा धर्मपिता मी. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनं माझ्याच नव्या कोटावर दूध ओकलं होतं. आता ती म्हणते, जेवणाच्या वेळी चार शब्द तुम्हीच बोलायचे. बोलेन की! पण त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकून तू ‘येऊ नकोस’ म्हणालास तर मी येणार नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठलो. एकदा कॉफीसाठी, एकदा खिडकी लावायला, एकदा उगाच.

काल आपल्या जुन्या संगणक कारखान्यावरून गेलो. आपल्या दोन नंबरच्या इमारतीत आता पोरांना उड्या मारायची जाळी लावली आहे. काय किंकाळ्या! आपले मालक, म्हातारे लुडेके, आठवतात? बचत बँकेतल्या बाईंना आपला संगणक जमेना, तेव्हा तू म्हणालास, बाईच मठ्ठ आहेत. म्हातारा कडाडला, “अहो झीफर्स, बाईंना कळलं नाही तर मठ्ठ तुमचं यंत्र!” आणि तुला महिनाभर त्या बाईंशेजारी स्टुलावर बसवलं. त्यातूनच आपला तो सहा बटणांचा संगणक निघाला. मग काय, हॅम्बुर्गपासून व्हिएन्नापर्यंत बँकांची रांग. वर्षाला हजार माणसं घेत होतो. कोबी आणि सॉसेजच्या हिवाळी जेवणाला मांडव घालावा लागायचा. आपण माजलो होतो रे. अमेरिकेची छोटी, स्वस्त यंत्रं आली तेव्हा आपण त्यांना खेळणी म्हणून हसलो. लुडेकेही हसले, आणि त्याच वर्षी गेले.

पुढचं तुला ठाऊक आहे. आधी विक्री, मग तुकडे. बँकांची यंत्रं फ्रेंचांकडे गेली, दुकानांची डचांकडे, आणि आपला विभाग कुणालाच नको होता. चाळीस जणांना काढायचं ठरलं. त्यासाठी गुण मांडले: वय, नोकरीची वर्षं, पदरची मुलं. ज्याचे गुण कमी, तो आधी बाहेर. कामगार समितीतर्फे ती यादी तपासायला मी बसलो होतो. शेवटी एकच जागा उरली, तुझी नाहीतर माझी. माझे एकसष्ट, तुझे एकोणसाठ. तुला नुसती बेरीज कळवली होती. “दोन गुणांनी मेलो लेका! फुटबॉलमध्येसुद्धा असं हरलो नव्हतो,” म्हणत तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. मी हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. पुढं तू सतरा वर्षं शाळेची बस चालवलीस, आणि दर नाताळात मला गुड्रुनवहिनीच्या हातचा केक पाठवत राहिलास.

यादीत तुझ्या नावापुढं मुलांच्या रकान्यात शून्य होतं. गुड्रुनचा पगार तुझ्याहून जास्त, म्हणून करसवलतीसाठी स्वांत्येचं नाव तिच्या करकार्डावर. कंपनीनं फक्त तुझं कार्ड पाहिलं. एका मुलाचे दहा गुण होते. मला ते शून्य दिसलं, एकेहार्ड. बाप्तिस्म्याला त्या पोरीला हातावर घेऊन मीच तर उभा राहिलो होतो. पेन हातात होतं, एक ओळ लिहायची होती, आणि मी पुढचं नाव वाचायला घेतलं. वाटलं, तू कोर्टात जाशील, तिथं ही चूक आपोआप निघेल. तू गेला नाहीस. का गेला नाहीस ते मला नऊ दिवसांपूर्वी कळलं. पत्रिकेसोबत स्वांत्येनं लिहिलंय, बाबा अजून सांगतात की आई भांडायला निघाली होती, पण त्यांनीच तिला अडवलं, म्हणाले, “यादी डीटमारनं बघितलीय ना? मग बरोबरच असणार.”

तुझाच म्हणवून घ्यायला कचरणारा,
डीटमार