ट्रॉलीत बसलेलं वारं

अण्णा, तुमची पणती पिकअप चालवती. नुसती पिकअप न्हाई, पिकअपच्या मागं हुकाला दोन चाकाची ट्रॉली जोडून चालवती, वडीगोद्रीहून पार पिंपळगाव रेणुकाईपर्यंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पिकअप म्हणजे काय हे बी सांगावं लागंल. छोटा ट्रक समजा, पुढं बसायची केबिन आणि मागं उघडा हौदा. ही माझ्या लेकाची लेक. तुम्ही होते तवा माझं लगीन बी झालं नव्हतं, मंग हिला तुम्ही कुठून बघणार? पण मागं एकदा ती गाडीत जे बोलली ते ऐकून मी लहान लेकरासारखी टाळी वाजवली, आणि तवापासून कुणाला तरी सांगावं असं होऊन राह्यलंय. घरच्यांना सांगून झालं. ते हसले आणि आपापल्या कामाला लागले. ज्याला खरं कळलं असतं तो माणूस तुम्हीच. माझी शाळा दुसरीपर्यंतची, बाप असून तुम्हीच तर काढलं शाळेतून, तवा काना-मात्रा चुकली तर बोलायचं न्हाई.

तर लेकानं रस्त्याच्या कडंला रोपवाटिका टाकली आहे. मिरचीची रोपं करतो. तुम्ही म्हणाल, मिरचीचं रोप विकत कोण घेतं, आपण तर वाफ्यात बी फेकून मोकळे व्हायचो. आता घेतात अण्णा. काळ्या ट्रेमधी बारीक बारीक खळगे असतेत, एका खळग्यात एक रोप, शाळेत रांगेनं बसवल्यासारखी. भोकरदनकडं उन्हाळी मिरची लई, तिकडचे लोक म्हणतेत रोपं घरपोच द्या. पोरगी शेतीचं शिकून आल्ती. म्हणली, मी पोचवते. बाप म्हणला, तू? ती म्हणली, मंग काय तुमचा जावई पोचवणार का, तो तर अजून ठरायचाय! आणि खरंच पोचवायला लागली. तिला त्या वाटंची गोडी लागली. बांधावर गेली की बाया चहा ठेवतेत, पानं आकसलेली मिरची हातात आणून देतेत, ताई हे बघा, ताई ते बघा. घरी आल्यावर तिचं तोंड बघायचं, उन्हानं काळवंडलेलं आणि हसून राह्यलेलं.

अडचण आली ती डिझेलची. ह्या गाड्या डिझेल पितेत, जसा बैल चारा खातो. एकटी पिकअप शहाण्यासारखी प्यायची. हौद्यात रोपं पुरंनात म्हणून मागं ट्रॉली जोडली, तिच्यावर कपाटासारखी लोखंडी मांडणी उभी केली, फळीवर फळी, फळीवर फळी, वरून हिरवी जाळी. दिसायला देवाच्या पालखीसारखी. पण ट्रॉली जोडली आणि डिझेल पार दीडपट लागायला लागलं. माझा लेक चक्रावला. म्हणला, "रोपं हलकी, ट्रॉली हलकी, आणि पितीय ऊस वाहिल्यासारखी. डिझेल जातंय कुठं?" गळतं का म्हणून खाली पुठ्ठा टाकून बघितला. थेंब न्हाई. मंग वजनाच्या मागं लागला. आपलं घराणंच बैलगाडीचं, आपल्याला ओझं म्हणलं की वजनच दिसतं. हौद्यातला पाण्याचा ड्रम उतरवला, लाकडी फळ्या उतरवल्या, चाकात हवा बराबर मारून घेतली. मी राजूरच्या गणपतीला नुसते हात जोडायला म्हणून केबिनमधी चढून बसल्ते, तर माझ्याकडं बघून म्हणतो, "आई, तू बी राहा घरी. तेवढंच वजन कमी." सून भाकरी बांधून देत होती. ती म्हणली, "आत्याबाईंचं वजन ते किती, दोन ट्रे मिरचीएवढं. जाऊ द्या की!" मी काय उतरते! पट्टा लावून घट्ट बसले. आता गाडीत बसलं की पट्टा बांधायचा असतो अण्णा, गोऱ्ह्याला दावं बांधतेत तसा.

राजूरच्या पुढं एक लांब चढ लागला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणलं, "थांबव माय, मला उतरू दे." ती म्हणली, "आजी, आता? इथं आडोसा बी न्हाई." मी म्हणलं, "तसलं न्हाई गं. चढ आहे न." तिला काही कळलं न्हाई, पण तिनं थांबवली. मी उतरले, पदर खोचला आणि गाडीच्या कडंकडंनं चालायला लागले. चढावर गाडीत बसून राहिलेला माणूस तुम्हाला खपायचा न्हाई, पाहुणा असला तरी तुम्ही खाली उतरवायचे. पाय आपोआप चालले अण्णा, एक डोळा चाकावर आणि एक डोळा बैलाच्या खांद्यावर, पण खांदा कुठं होता तिथं? मागून येणारा ट्रकवाला भोंगा वाजवून गेला. वर पोचून आत चढले तर पोरगी स्टेअरिंगवर डोकं टेकून हसून राह्यली. म्हणली, "आजी, तू उतरलीस त्यात चिमूटभर वाचलं, आणि चढावर उभी करून परत उचलण्यात ओंजळभर गेलं. ह्या बैलाला चढाच्या आधीच चाल धरून द्यावी लागती. मधी थांबवलं की तो जास्त खातो." मंग मला बी हसू आलं. बैल बदलला आणि माझी दया तशीच जुनी राह्यली.

रोपं उतरवून परत फिरलो तवा ट्रे रिकामे होते. तरी गाडी ओढंना. ती टॉप गिअर टाकायची, गाडी घुंईऽऽ करायची, मंग खालचा गिअर, परत वरचा. मागं जाळी फडफडून राह्यली, कुणी लग्नाचा मांडवच मागं बांधून दिल्यासारखी. पोरीनं आरशात बघितलं, परत परत बघितलं, आणि एकदम म्हणली, "आजी, भरली होती तवा बी अशीच ओढत होती आणि रिकामी आहे तरी अशीच. वजनाचा दोषच न्हाई. मागं ट्रॉलीत वारं बसलंय." मी टाळी वाजवली ती तवा.

तुम्हाला आठवतं का अण्णा, तो माळावरचा कडबा? ज्वारी निघाली आहे, वारं असं सुटलं आहे की डोक्यावर टोपी ठरत न्हाई. सगळ्यांच्या गाड्या भरून राह्यल्या आहेत, पेंढ्यांवर पेंढ्या, पार झाडाच्या फांदीला लागंल इतक्या उंच, आणि त्यावर ज्याची त्याची लेकरं राजासारखी बसलेली. आपलीच गाडी बुटकी. तुम्ही पेंढ्या आडव्या, दाबून दाबून लावता आणि दोर आवळता. शेजारचा तात्या ओरडतो, "काय रं, बैलाला दृष्ट लागंल म्हणून का? अर्धीच गाडी?" तुम्ही दोर न सोडता म्हणता, "माझ्या गाडीत अजून एक जण बसतो. वारं. ते फुकट बसतं आणि बैलाला त्याला बी ओढावं लागतं." सगळा माळ हसतो. मला लाज वाटून राह्यली, आणि मला बी उंच बसायचं होतं. मी हट्ट धरते, पाय आपटते. तुम्ही एवढंच म्हणता, "पाय आपटू नको माय, धूळ बैलाच्या डोळ्यात जाती." मंग मी चाकाच्या कडंनं चालत घरी येते, तोंड फुगवून, आणि तुम्ही दुसऱ्या खेपेला परत माळावर जाता. वारं गाडीत कसं बसंल, हे मला तवा बिलकुल कळलं न्हाई. तुम्ही लोकांना टाळायला बोलले असंच वाटलं. आणि आता इतक्या वर्षांनी, तुम्हाला कधी न बघितलेली पोर, काच लावलेल्या केबिनमधी बसून, तुमचंच वाक्य बोलती. कुठून आलं असंल हो तिच्यात? ती म्हणती, आजी, त्यात काय, आरशात दिसलं. असंल बाई.

घरी आल्यावर मात्र हसण्यावारी न्यावं असं राह्यलं न्हाई. जेवताना लेक म्हणला, "वजन काढलं तरी तेवढंच. आता एक खेप अजून बघतो. जमलं न्हाई तर ट्रॉली विकून टाकायची. ज्याची त्यानं रोपं येऊन न्यावीत, आणि तू इथं बसून पावत्या फाड." पोरीनं भाकरीचा तुकडा मोडला होता तो तसाच ताटात राह्यला. मी तिच्याकडं बघितलं. पावत्या फाडायला बसलेली मला ती दिसंचना. सकाळी उठून ती वेल्डिंगवाल्याकडं गेली आणि ती कपाटासारखी मांडणी कापून घेतली. केबिनच्या वर टीचभर बी काही दिसायला नको, म्हणली. जे ट्रे वर होते ते हौद्यात दाटीनं बसवले, ट्रॉलीवर लांबीत पसरले. फडफडणारी जाळी काढली आणि पुढून ताडपत्री अशी ताणून बांधली की टिचकी मारली तर हलगीसारखी वाजंल. बाप लांबून बघून म्हणला, "आता रोपं उन्हानं सुकली तर?" कारण इतके दिवस पोरगी गाडी पळवायची ती उन्हापायीच, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून. आणि जेवढं पळवावं तेवढं वारं आडवं येणार. ती म्हणली, "पहाटं निघंल. काटा पन्नासच्या वर जाऊ देणार न्हाई. थंडाव्यात निघालं की पळवावं लागत न्हाई." हे बी तुमचंच अण्णा, तुम्ही बी बैलांसाठी पहाटंच गाडी जुंपायचे. मी आता टाळी वाजवली न्हाई, वातावरण तसं नव्हतं.

पंपावर टाकी काठोकाठ भरून निघालो, आणि परत आल्यावर त्याच पंपावर काठोकाठ भरायची, जेवढं मावलं तेवढं गाडी प्याली, असं ठरलं होतं. आलो तर लेक आधीच पंपावर येऊन उभा. नळी टाकीत घातली. तो आकड्याकडं बघून राह्यला, पोरगी टायर बघायच्या निमित्तानं खाली बसली, आणि मी केबिनमधी देवाचं नाव घेऊन राह्यले. नळी खट करून थांबली. लेक म्हणला, "थांबली का? भरली पूर्ण?" पंपावरचा म्हणला, "भरली दादा." "अजून दाब थोडं." "सांडंल दादा." लेकानं गाडीला एक चक्कर मारली, मागं जाऊन ट्रॉलीच्या फळीवर हात फिरवला, आणि म्हणला, "मागून लाल रेडियम लावलेलं न्हाई. पहाटं निघती तू, अंधारात कुणी येऊन धडकंल. उद्या लावून घे." एवढंच बोलला आणि पैसे द्यायला गेला. पोरगी टायरपासून उठली, माझ्या खिडकीशी आली आणि हळूच म्हणली, "आजी, उद्या रेडियम लावून घे म्हणला." मी म्हणलं, "ऐकलं माय, ऐकलं." विकायच्या ट्रॉलीला कुणी रेडियम लावत न्हाई, एवढं मला बी कळतं.

आता हे कागद कुठं टाकू? तुमच्याकडं जाणारी पेटी कुठंच न्हाई. घडी करून लुगड्यात ठेवते. पण एक सांगायचं राह्यलंच, आणि ते घरात कुणाला सांगितलेलं न्हाई. त्या खेपेला येताना ट्रॉली रिकामी होती, वाट सरळ, पुढं कुणी न्हाई. मी म्हणलं, "माय, एकदा पळव गं." ती म्हणली, "आजी, पंपावर कळंल!" मी म्हणलं, "थोडंच. पुढच्या त्या लिंबाच्या झाडापर्यंत." तिनं माझ्याकडं बघितलं, काचा खाली केल्या आणि पाय दाबला. पदर डोक्यावरून उडाला, डोळ्यात पाणी आलं, आणि लिंब कवाच मागं गेला तरी मी थांब म्हणले न्हाई. तेवढं डिझेल माझ्यापायी गेलं. मला वारं आवडतं, अण्णा. कडब्यावर मला त्याच्यासाठीच बसायचं होतं.