प्रवेश विनामुल्य

२ मार्च
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय, उद्याचं कोणी सांगावं.

गाइडला आज वर्ष झालं. कॉम्प्युटरवरच्या गेम बनवणारे लोक कुठे जमतात, कधी जमतात, परिषदा, प्रदर्शनं, स्पर्धा, सगळं एका जागी सांगणारी आपल्या भाषेतली एकमेव स्वतंत्र ऑनलाइन गाइड. स्वतंत्र म्हणजे पाठीमागे कोणी नाही. पुढेही अजून फारसं कोणी नाही, पण ते होईल. पंपाच्या कंपनीतली बिलिंगची नोकरी तात्पुरती आहे. गेली एकोणीस वर्षं तात्पुरती आहे.

संकल्प: रोज एक इव्हेंट टाकायचा. तारखा दोनदा तपासायच्या. जमल्यास एखादी गेम खेळून बघायची.

४ मार्च
गेम खेळलो. गरगरलं. लिंबूपाणी घेऊन पडलो. सिनेमाचं परीक्षण लिहिणारा कुठे नाचून दाखवतो? संकल्प रद्द.

९ मार्च, संध्याकाळी
कन्या कॉलेजातून आली ती उड्या मारतच. तिची गेम पुरी झाली. दोन वर्षं खपत होती. नाव 'पत्ता सांगणारे काका'. कोपऱ्यावर एक काका उभे असतात, छातीठोकपणे चुकीचा पत्ता सांगतात, आणि खेळणाऱ्याने तरीही बरोबर घरी पोचायचं. कल्पना ठीक. काकांचा चौकडीचा शर्ट माझ्या शर्टासारखा आहे. योगायोग. मला बसवलं खेळायला, पण दुसऱ्याच गल्लीत गरगरलं, उठलो. शेवटची गल्ली तरी बघ रे बाबा, म्हणत होती. नंतर बघू म्हटलं.

तिला एकच हवंय. ही गेम एकदा अनोळखी माणसांसमोर ठेवायची. मैत्रिणी छानच म्हणतात, म्हणाली, अनोळखी माणूस हसला तर खरं. मोठ्या प्रदर्शनात नवोदितांसाठी जागा असते, तिथे अर्ज करायचाय, शेवटची तारीख बघते, म्हणाली. मी हात वर करून थांबवलं. घरात गाइड असताना शोधाशोध कसली! प्रदर्शनाच्या साइटवर पाहिलं. 5/6. पाच जून. भरपूर वेळ आहे, घाई करू नकोस, गेमला पॉलिश मार, असं सांगितलं. बापाचा अनुभव कामी येतो तो असा.

१७ एप्रिल
रोजनिशीत खंड पडला. कारण काम.

एका वाचकाचा तक्रारीचा मेल. गाइडमध्ये वाचून एका चर्चासत्राला गेला, तर तिथे भिंतींना रंग देत होते. चर्चासत्र महिन्यापूर्वीच झालं म्हणे. गाइड दिशा दाखवते, हाताला धरून पोचवत नाही, असं बाणेदार उत्तर दिलं. परत मेल नाही. पटलं असणार.

११ मे
हद्द झाली! प्रदर्शनवाल्यांचं 5/6 म्हणजे सहा मे. आधी महिना, मग तारीख! सरळ माणसाने हे ओळखायचं कसं? कन्या अर्ज भरायला बसली तर अर्ज बंद. आता पुढच्या वर्षी.

आयोजकांना खरमरीत पत्र लिहिलं. कन्या, असू दे बाबा, एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. जेवायलाही आली नाही. ही म्हणाली, अहो, पोरीला सॉरी तरी म्हणा. मी कशाला? चूक त्यांची.

तरी दाराशी जाऊन आलो. आतून कीबोर्डाचा खडखडाट येत होता. म्हणजे सावरली. तरुण वय, विसरेल. मला मात्र घास गिळवेना. ॲसिडिटी.

१९ मे
खळबळ! इंटरनेटवर दुसरी गाइड उगवली आहे. नाव 'नक्की कधी'. चालवणाऱ्याचं नाव नाही, अर्थातच. माझ्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा उचलल्यात, फक्त तारखा बदलल्यात. चोरी पकडली जाऊ नये म्हणून! आणि माझ्या 'प्रवेश विनामुल्य' मधला मु दीर्घ केलाय. चोर तो चोर, वर शुद्धलेखनाची मिजास.

जेवताना हे सगळं कन्येला तावातावाने सांगितलं. पाणी पिता पिता तिला ठसकाच लागला. बापाचा अपमान पोरीला झोंबतोच.

२४ मे, रविवार
सापळा रचला. गाइडवर एक इव्हेंट टाकला, जो नाहीच! 'नवोदित गेम-निर्मात्यांचा खुला मेळावा. आपली गेम घेऊन या, अनोळखी लोकांना खेळायला द्या. २१ जून, दुपारी ४. प्रवेश विनामुल्य.' नक्कलखोराने उचलला की पुराव्यासकट पकडला. पत्ता दिल्याशिवाय नोंद सेव्ह होईना, म्हणून आपल्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा हॉल टाकला. तिथे टेबल टेनिसच्या टेबलाशिवाय काही नाही, आणि त्याच्याही एका पायाखाली वीट आहे.

काय डोकं चालतं माझं. स्वतःचंच कौतुक वाटलं.

२६ मे
फसला! शब्दन् शब्द उचलला. फक्त मू दीर्घ. गंमत म्हणजे तारीख तशीच ठेवली आहे. माझ्या तारखेवर पहिल्यांदाच विश्वास ठेवला लबाडाने. उद्या जगासमोर पितळ उघडं पाडतो.

२७ मे
ऑफिसात काम निघालं. पितळ परवा.

३० मे
कन्या घरभर गुणगुणत फिरते आहे. सकाळी बूट घालत होतो तर मागून येऊन गळ्यात पडली. बाबा, तू ना, म्हणाली आणि पळाली. मी ना काय? पुढचं वाक्य आलंच नाही. बस चुकली, पण दिवस बरा गेला.

२ जून
घाईत लिहितोय, म्हणून अक्षर असं.

हिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, अहो, किती दिवस लपवणार? पोरीला केव्हाच कळलंय. वाटलं, सापळ्याचं कळलं. पण नाही. कन्येची समजूत अशी की बाबांनी तिच्यासाठी मेळावा ठेवलाय. प्रदर्शनाची भरपाई म्हणून. गुपचूप, सरप्राइज म्हणून. आयोजकाचं नाव नसलं म्हणून काय झालं, कन्या म्हणाली म्हणे, 'विनामुल्य' असं सगळ्या दुनियेत एकच माणूस लिहितो, आणि पत्ता खालच्या हॉलचा. मला कळलंय हे बाबाला कळू देऊ नको, अशी आईला शपथ घातलीय. शिवाय ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगून बसलीय.

एवढं बोलून हिचे डोळे भरून आले. मला वाटायचं तुमचं लक्षच नसतं घरात, म्हणाली.

मी म्हटलं, छे, असं कसं.

३ जून
कन्येला आज खरं सांगून टाकायचं. सकाळी ती केस धूत होती. संध्याकाळी मी थकलो होतो. उद्या नक्की.

४ जून
आज सांगायला गेलोच होतो. ती गेमच्या पोस्टरला रंग देत होती. कुठला निळा चांगला, असं विचारलं. मी डावीकडचा म्हटलं आणि परत आलो.

५ जून
नीट विचार केला. मुळात माझ्या मनात हेच होतं. सापळा हे वरवरचं निमित्त. आत कुठेतरी बापाचं काळीज आपलं काम करत होतं.

तर मेळावा होणार, आणि असा होणार की त्या प्रदर्शनवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. बीजभाषण परदेशी पाहुण्याचं. मोठे पडदे. प्रायोजक. दोन दिवस पुरले नाहीत तर तीन.

१२ जून
प्रगती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हॉल दिला. अटी: लाउडस्पीकर नाही, सातला कुलूप, आणि टेबल हलवायचं नाही. विटेचं म्हणाले, ती हलली तर परत तशी बसत नाही. परदेशी पाहुण्यांपैकी एकाचं उत्तर आलं. 'मी सुट्टीवर आहे' असं आपोआप जाणारं उत्तर आहे ते, पण म्हणजे मेल तर पोचला! प्रायोजक म्हणून साहेबांना गळ घातली. बघू म्हणाले.

१९ जून
साहेबांनी बॅनर पाठवला. 'खोल विहिरीतूनही खात्रीने वर.' खाली पंपाचं चित्र. मोठा पडदा म्हणून उलट्या बाजूने वापरता येईल.

बीजभाषण मीच करणार. लिहायला घेतलं. 'मित्रहो' पर्यंत झालं आहे.

२१ जून, दुपारी सव्वातीन
हॉलमध्ये बसून लिहितोय. कोणी नाही. एक माणूस नाही. टेबलावर जाळीच्या एका बाजूला कन्येचा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला हिने आणलेली बिस्किटं. कन्येने नवा कुडता घातलाय. ती दाराकडे बघत नाही, मीच बघतोय. आता तिला काय सांगू? रस्ते बंद असतील. हवा दमट आहे. लोक आळशी झालेत. मी एक मूर्ख माणूस आहे. (हे वाक्य नंतर खोडायचं.)

दुपारी साडेतीन
शेवटी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, बेटा, लोक काही येतील असं दिसत नाही, त्यात तुझा दोष नाही. ती म्हणाली, अरे बाबा, चारला आहे. तूच लिहिलंयस.

संध्याकाळी, घरी
आले! हॉल भरला, मग दारात उभे राहिले, मग जिन्यावर. कोणाकोणाचे लॅपटॉप मांडायला जागा पुरेना. सेक्रेटरी टेबल बघायला आले आणि विटेशेजारी बसून गेमच खेळत बसले. कन्येच्या गेममधल्या काकांनी चुकीचा पत्ता सांगितला की हॉल फुटायचा. अनोळखी माणसं, पोट धरून हसत होती. कन्या मधे उभी, लाललाल झालेली. तिचं तोंड बघत राहिलो. भाषणाचं राहिलंच.

दारात मी प्रत्येकाला विचारत होतो, माझ्या गाइडमध्ये वाचलंत ना? एकही नाही. सगळे 'नक्की कधी' वाचून आलेले. तीच एक भरवशाची, म्हणाले. एका बाईंनी तर विचारलं, ती चालवणारी मुलगी इथेच असते ना? आणि कोणीतरी बोट दाखवलं. माझ्या कन्येकडे.

बिस्किट हातातच राहिलं.

ती आली, म्हणाली, रागावू नको. लोक हेलपाटे घालतात रे बाबा, आणि सांगायला गेलं तर तू ऐकत नाहीस. नोंदी तुझ्याच आहेत, मी फक्त तारखा बघते. मग म्हणाली, पण हा मेळावा तुझा. हा मी नुसता वाचला आणि दोन दिवस रडले. सापळ्याचं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिने मला खुर्चीत बसवलं. आता शेवटची गल्ली, म्हणाली. सुटका नाही.

गरगरलं, पण खेळलो. शेवटच्या गल्लीत काकाच हरवतात. तरी आपले छातीठोकपणे सांगताहेत, इकडून, इकडून. खेळणाऱ्याने त्यांचं काही ऐकायचं नाही. नुसता हात धरायचा आणि घरी आणायचं. दार उघडतं, आत दिवा असतो, आणि काका म्हणतात, बघ, मी सांगितलंच होतं.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मी नाकारीन.

२२ जून, सकाळी
काल डोळ्यांत पंख्याचं वारं गेलं होतं. असो.

माझा मेळावा यशस्वी! आता दरवर्षी. मोठ्या प्रमाणावर. लोकाग्रहास्तव लगेच गाइडवर जाहीर करून टाकलं: 'दुसरा वार्षिक मेळावा, 5/6. प्रवेश विनामुल्य.'

चहा निवायच्या आत 'नक्की कधी'कडून मेल. शेजारच्या खोलीतून. बाबा, मू दीर्घ. आणि पाच जून की सहा मे?

बराच वेळ विचार केला. मलाच आठवेना. तूच ठरव, असं कळवलं.