आप्पांच्या शेजारची जागा

आप्पा, तुमचे डोळे गेले, की आपण सगळ्यांनी मिळून ते जाऊ दिले? बी.ए. झाले तरी याचं उत्तर मला देता येत नाही.

वडगावातला आपला माग अजून दिसतो. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आहात, धोटा चालतो आहे, आणि शेजारी आक्का, सुताची तुटलेली तार शोधून जोडायला. चौथीतून तिला काढलं ते यासाठी. तुम्हाला धूसर दिसतं हे पेठेतल्या व्यापाऱ्याला कळलं तर बारीक सुताचं काम जाईल, गल्लीला कळलं तर आक्काची सोयरीक मोडेल, म्हणून घरानं ते झाकलं. व्यापारी लुगडं उलटसुलट करून म्हणायचा, "तू म्हातारा झालास, पण हात न्हाय रं म्हातारा झाला." तुम्ही हसायचात. आक्का खाली बघायची. तिनं ती जागा धरली म्हणून मी शाळेत राहिले.

दवाखान्यात पट्टी बांधून पडायचं तर माग बंद राहणार. "डोळ्यातला मोती पिकू दे की, मग बघू," असं तुम्ही दर सणाला म्हणायचात. तो नको इतका पिकला, डोळे ठणकू लागले. डॉक्टरांनी दिवा समोर धरून विचारलं, उजेड कुठं आहे, तेव्हा तुम्ही खिडकीकडे बोट दाखवलंत. काम गेलंच. आक्काला बिजवराला दिलं, आणि चार वर्षांत ती कपाळ पुसून, लेकीला घेऊन परत आली. आता मागावर तीच बसते.

यंदा आई धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरताना तार चाचपू लागली. म्हणाली, "आक्काच्या पोरीला बसवा माझ्याजवळ. शाळा काय पळून जाती?" आक्का खाली बघून धोटा टाकत राहिली. त्या खाली बघण्याची मला धास्ती वाटली. मोती पिकायची वाट बघू नका असं डॉक्टर म्हणतात, हे मी आईला परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, "पिकू दे. त्येंच्यापरास शानी झालीस व्हय?"

तेव्हा मी म्हणाले, आप्पांनीच जाताना मला बजावलं होतं, आईला वेळेत दवाखान्यात ने.

काल तिचं ऑपरेशन झालं. माग बंद आहे, पोरगी शाळेत गेली आहे. पट्टी सुटेपर्यंत कुणी काही सांगू शकत नाही. मान न हलवता आई आज हळूच विचारत होती, "आनि काय म्हनालं त्येनी?"

तुम्ही तसं काहीच म्हणाला नव्हतात, आप्पा. तुमच्या नावानं मीच सांगितलं.